स्वप्नातली जाग आणि स्वप्नावरचा ताबा

एका माणसाने स्वप्नात उंचावरून आपणहून उडी टाकली. आपण झोपेत आहोत, हे सारं स्वप्न आहे, हे त्याला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. स्वप्नात मरण कसं येतं, एवढंच त्याला पाहायचं होतं. उडी टाकली आणि पुढच्याच क्षणी तो खाली चर्चसमोरच्या चौकात, बघ्यांच्या गर्दीत उभा होता. चर्चच्या मनोऱ्यावरून पडून मेलेल्या कुणा माणसाभोवती लोक गोळा झाले होते.

हे स्वप्न लिहून ठेवणारे मार्की द एर्वे द सें-दनी हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच विद्वान. चिनी भाषा आणि साहित्य हा त्यांचा अभ्यासाचा विषय, पुढे पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये ते त्याच विषयाचे प्राध्यापक झाले. तेराव्या वर्षापासून ते आपली स्वप्नं वहीत उतरवत होते. १८६७ मध्ये त्यांनी स्वप्नं आणि ती वळवण्याचे उपाय या विषयावरचं एक पुस्तक लेखकाचं नाव न घालता छापलं. स्वप्नाला इच्छेप्रमाणे वळण देता येतं, हे दाखवणं हा त्या पुस्तकाचा हेतू होता. उडीचं स्वप्नही त्यातच आहे, आणि मला तो त्यातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. कारण उडी त्यांनी ठरवली होती. पण तो चौक, ती गर्दी, ते प्रेत, आणि मरणाऱ्याच्या जागेवरून उचलून त्यांना पाहणाऱ्याच्या जागी नेऊन ठेवणं, हे कुणी ठरवलं?

झोपेत असताना ‘हे स्वप्न आहे’ असं ओळखता येणं, म्हणजे ल्युसिड ड्रीम किंवा सजग स्वप्न, ही आज शिकायची आणि शिकवायची गोष्ट झाली आहे. तिच्यावर पुस्तकं आहेत, मोबाइल ॲप आहेत, डोळ्यांवर बांधायचे दिव्यांचे मुखवटे आहेत. या सगळ्यांचं आश्वासन एकच असतं: स्वप्नावर ताबा मिळवा, उडा, हवं त्याला भेटा, हवं ते करा. माझं म्हणणं असं की सजग स्वप्न शिकण्यासारखं नक्की आहे, पण या आश्वासनाने त्याची किंमत उलटी लावली आहे. त्यातलं मोल ओळखण्यात आहे. ताबा हा त्या ओळखीचा एक छोटा, बेभरवशाचा आणि बहुतेक वेळा अनावश्यक असा उपयोग आहे. एक अपवाद आहे, त्याकडे मी पुढे येईन.

आधी हे खरंच घडतं का, हा प्रश्न निकाली काढायला हवा. बराच काळ झोपेच्या शास्त्रज्ञांना ही कल्पनाच मान्य नव्हती. झोपलेला माणूस जागा कसा असेल? ज्याला स्वप्न आहे हे कळलं, तो क्षणभर जागा झाला असणार, असं ते म्हणत. उत्तर मिळालं ते झोपेच्याच एका वैशिष्ट्यामुळे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲझरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतली अशी अवस्था नोंदवली, जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं झपाझप हलतात. बहुतेक ठसठशीत स्वप्नं याच अवस्थेत पडतात. त्या वेळी मानेखालचे स्नायू जवळजवळ लुळे असतात, म्हणून आपण स्वप्नातलं धावणं बिछान्यात धावत नाही. डोळ्यांवर मात्र ही बंदी नसते. मग स्वप्नातल्या माणसाने आधी ठरवलेल्या पद्धतीने डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले, तर ती खूण बाहेरच्या यंत्रावर उमटायला हवी. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या देखरेखीखाली ॲलन वर्स्ली यांनी झोपेतून नेमकी अशी खूण पाठवली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं आणि १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मेंदूचा आलेख झोप दाखवत होता, स्नायू लुळे होते आणि डोळे ठरलेला निरोप देत होते.

२०२१ मध्ये प्रकरण आणखी पुढे गेलं. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले आणि उत्तरं मिळवली. आठातून सहा वजा केले तर किती, असं एका तरुणाला त्याच्या स्वप्नात विचारलं आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं. म्हणजे स्वप्नात असताना माणूस ऐकू शकतो, आठवू शकतो, हिशेब करू शकतो. पण त्याच प्रयोगातला दुसरा आकडाही लक्षात ठेवला पाहिजे. ३६ लोकांना मिळून १५८ वेळा प्रश्न विचारले गेले. बरोबर उत्तरं आली सुमारे १८ टक्के वेळा, आणि सुमारे ६० टक्के वेळा काहीच उत्तर आलं नाही. दार उघडतं हे खरं, पण आपण ठोठावू तेव्हा ते उघडेलच असं नाही.

आता शिकण्याकडे येऊ. सजग स्वप्न हा मूठभरांचा चमत्कार नाही. २०१६ मध्ये मागच्या पन्नास वर्षांतल्या अभ्यासांची एकत्र पाहणी झाली, तिच्यात सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडल्याचं दिसलं. महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा ते अनुभवणारे सुमारे २३ टक्के. ज्यांना ते मुद्दाम आणायचं आहे त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत. पहिला, उशाशी वही ठेवायची आणि जाग येताच, अंग न हलवता, स्वप्न आठवून लिहायचं. दुसरा, दिवसभरात अधूनमधून थांबून स्वतःला मनापासून विचारायचं: मी आत्ता जागा आहे की स्वप्नात? मग पाहायचं. एखादी पाटी वाचायची, नजर वळवायची, पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बहुधा बदललेली असतात. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. स्वप्नात तो घेता येतो. तिसरा, पहाटेच्या सुमारास उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं आणि पुन्हा झोपायचं, कारण डोळे हलण्याच्या त्या अवस्था रात्र सरते तशा लांबत जातात. आणि चौथा लाबर्ज यांचा: पुन्हा झोपताना नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात आपण जागे झाल्याचं डोळ्यांपुढे आणायचं आणि पुढच्या वेळी हे स्वप्न आहे हे मला आठवेल, असं मनात घोळवत राहायचं. ऑस्ट्रेलियात डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे उपाय एकत्र करणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात सुमारे १७ टक्के प्रयत्नांत यश आलं. घोकणं पूर्ण करून पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली त्यांचं यश ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं.

या उपायांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. यातला एकही उपाय हुकूम द्यायला शिकवत नाही. वही स्मरण वाढवते. दिवसा स्वतःला विचारलेला प्रश्न लक्ष वाढवतो. लाबर्ज यांची पद्धत पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवण्याची क्षमता वापरते. बाजारातून येताना औषध आणायचं आहे हे ज्या क्षमतेने आठवतं, तीच ही. सगळी साधना पाहण्याची, आठवण्याची, शंका घेण्याची आहे. ताबा शिकवणारी वेगळी खात्रीची साधना कुणापाशी नाही. जे शिकवता येतं ते जागेपण, आणि जे विकलं जातं ते सामर्थ्य. माझा पहिला आक्षेप हा आहे.

दुसरा आक्षेप वस्तुस्थितीचा आहे. सजग स्वप्न पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी प्रामाणिकपणे वाचल्या, तर ताब्यापेक्षा ताबा निसटल्याचेच दाखले अधिक ठळक दिसतात. ल्युसिड ड्रीम हे नाव रूढ करणारे डच मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक फ्रेडरिक फान एडन यांनी १८९८ ते १९१२ या काळात आपली अशी ३५२ स्वप्नं नोंदवली आणि १९१३ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. एका स्वप्नात त्यांनी काचेचा पेला फोडायचं ठरवलं. पेल्यावर जोराने आघात केला, तरी तो जसाच्या तसा राहिला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तर तो फुटलेला होता. हे जग कुशलतेने रचलेली नक्कल आहे, पण तिच्यात बारीक चुका राहिल्या आहेत, असं त्यांना वाटलं. कीथ हर्न यांनी काही जणांना स्वप्नात खोलीतला दिवा लावून पाहायला सांगितलं. बहुतेकांना तो लावता आला नाही. २०११ मधल्या एका अभ्यासात सराईत स्वप्नकर्त्यांनी स्वप्नात भेटलेल्या माणसांना सोपी गणितं घातली. एक तृतीयांशच उत्तरं बरोबर आली.

असं का होतं, याचं ढोबळ उत्तर मेंदूच्या अभ्यासातून मिळतं. डोळे हलण्याच्या त्या झोपेत कपाळामागचा, विवेक आणि योजना सांभाळणारा भाग मंदावलेला असतो. दृश्यं आणि भावना निर्माण करणारे भाग जोरात चालू असतात. २०१२ मध्ये म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी सजग स्वप्न चालू असताना मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा कपाळामागचे काही भाग पुन्हा सक्रिय झालेले दिसले. म्हणजे पाहणारा परत आलेला असतो. पण स्वप्न रचणारा भाग त्याच्या हाताखाली काम करायला लागलेला नसतो. पेला उशिरा फुटतो, दिवा लागत नाही, मरायला निघालेल्याला गर्दीत उभं केलं जातं, ते यामुळे. सजग स्वप्नातला ‘मी’ हा त्या घराचा मालक नाही. फार तर तो नुकताच डोळे उघडलेला रहिवासी आहे.

आणि हे तसंच असावं, असं मला वाटतं. स्वप्नाचं मोल नेमकं यात आहे की ते आपल्या दिवसाच्या इच्छेला जुमानत नाही. महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज पडू नये, कारण आपल्या संतपरंपरेतल्या काही फार मोठ्या गोष्टी स्वप्नात घडल्या आहेत. तुकोबांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात. स्नानाला जाताना वाटेत बाबाजी भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असं तुकोबांनी स्वतः अभंगात सांगितलं आहे. त्या वृत्तांतात एक तपशील असा आहे की तो मला कित्येक तत्त्वचर्चांपेक्षा मोठा वाटतो. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं, आणि स्वप्नात तुकोबांना त्याचा विसर पडला. ज्या स्वप्नाने आयुष्य पालटलं, त्यात सेवेची एक साधी गोष्ट राहून गेली, याची रुखरुख त्या वर्णनात आहे. हे स्वप्न तुकोबांच्या ताब्यात असतं, तर तूप वाढलं गेलं असतं. गुरूच्या पात्राला रीतसर भोजन झालं असतं. आणि मग ते स्वप्न तुकोबांना आधीपासून जे ठाऊक होतं, तेवढंच राहिलं असतं. विसर पडला म्हणून समोरचा खरा वाटतो. तो काहीतरी मागतो, आणि आपण कमी पडतो.

संत बहिणाबाईंचं उदाहरण आणखी बोलकं आहे. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि त्यांना तुकोबांची ओढ लागली. प्रत्यक्ष भेट झालेली नसताना तुकोबांनी स्वप्नात येऊन त्यांना उपदेश केला. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने शूद्र म्हणवणाऱ्या संताला गुरू मानणं त्या काळच्या समाजाला सोसणारं नव्हतं. पतीने कडाडून विरोध केला. तरी पुढे हे कुटुंब देहूला गेलं. कुणी म्हणेल की हे तर इच्छापूर्तीचं स्वप्न झालं. ओढ होती, हे खरंच आहे. पण ओढ असणं आणि हुकूम देणं यांत फरक आहे. हुकूम देणारा ‘मी’ हा बहुतेक वेळा जनरीतीने घडवलेला, काय शक्य आहे आणि काय शोभतं हे आधीच ठरवून बसलेला असतो. त्या ‘मी’च्या हाती स्वप्नाची दोरी दिली, तर दिवसाने बंद केलेली दारं रात्रीही बंदच राहतील. आपल्याला स्वप्नात काय हवं आहे याची यादी आज कुणीही करून पाहावी. बहुधा त्या यादीत जाहिरातींनी, चित्रपटांनी आणि शेजाऱ्यांनी दिलेल्या इच्छाच सापडतील. बहिणाबाईंच्या स्वप्नाइतकं धाडसाचं काही त्या यादीत सापडणं अवघड आहे.

यावर एक विचारी आक्षेप येऊ शकतो. स्वप्नाचा कर्ता आत्माच आहे, असं तर उपनिषदच सांगतं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की स्वप्नात रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. तोच ते निर्माण करतो. तळी आणि नद्याही तोच रचतो. मग जो कर्ता आहे त्याने जाणीवपूर्वक कर्तृत्व का करू नये? पण त्याच संवादात याज्ञवल्क्य पुढे काय म्हणतात तेही पाहिलं पाहिजे. स्वप्नात जे पाहिलं ते त्या पुरुषामागे लागत नाही, कारण तो असंग आहे. कर्तेपण ही त्या विचाराची पहिली पायरी आहे, शेवटची नाही. गौडपादांच्या कारिकांचं दुसरं प्रकरण तर स्वप्नातले पदार्थ आणि जागेपणीचे पदार्थ दोन्ही सारखेच कल्पित आहेत, हे दाखवण्यासाठीच लिहिलं आहे. ज्याला समोरचा महाल कल्पित आहे हे कळलं, त्याला त्या महालात चार खोल्या वाढवण्याची हौस कशासाठी वाटावी? ज्ञान झाल्यावर मालकी गाजवायची इच्छा उरत असेल, तर ज्ञानच अर्धवट आहे. पतंजलींनीही पहिल्या पादात, चित्त स्थिर करण्याचे उपाय सांगताना, स्वप्न आणि निद्रा यांचं ज्ञान हे एक आलंबन म्हणून सांगितलं आहे. तिथंही भर ज्ञानावर आहे.

तिबेटी बौद्धांनी या बाबतीत सर्वांत तपशीलवार साधना उभी केली. अकराव्या शतकातले नारोपा आणि त्यांचे तिबेटी शिष्य मार्पा यांच्यापासून चालत आलेल्या सहा योगांमध्ये स्वप्नयोग आहे. त्यात साधकाला स्वप्न बदलायलाही शिकवतात: एका वस्तूच्या अनेक करा, लहान मोठं करा, आगीत शिरा. वरवर पाहता हा ताबाच. पण हेतू वेगळा आहे. आग पाणी होऊ शकते, हे अनुभवाने कळलं की तिच्यात जाळण्याचं स्वतःचं बळ नव्हतं हे पटतं, आणि मग तीच नजर जागेपणीच्या रागाकडे, भीतीकडे, लोभाकडे वळवायची. इथं बदल ही एक परीक्षा आहे. समोरचं दृश्य किती ठिसूळ आहे हे तपासायचं आणि सोडून द्यायचं. उपभोगासाठी स्वप्न बदलणारा माणूस याच्या नेमका उलट जातो. तो त्या दृश्याला आणखी घट्ट धरतो.

आता तो अपवाद. दुःस्वप्नं. ज्यांना एकच भयंकर स्वप्न वर्षानुवर्षं छळतं, अत्याचार किंवा अपघात पुन्हा पुन्हा भोगावा लागतो, झोपेचीच धास्ती वाटते, त्यांना ‘स्वप्नाचं म्हणणं ऐका’ असं सांगणं क्रूरपणाचं होईल. त्यांनी ते स्वप्न थांबवावं, मोडावं, बदलावं, आणि त्यासाठी सजगतेचा उपयोग होत असेल तर अवश्य करावा. इथं ताबा हा माणसाचा हक्क आहे. तरीही पुरावा काय सांगतो ते पाहण्यासारखं आहे. २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हिक्टर स्पूरमाकर आणि यान फान देन बाउट यांनी दुःस्वप्नांनी त्रस्त अशा २३ जणांवर सजग स्वप्नाच्या उपचाराचा प्राथमिक अभ्यास केला. दुःस्वप्नं कमी झाली. पण ती कमी होण्यासाठी प्रत्यक्ष सजग स्वप्न पडायलाच हवं असं नव्हतं. भीतीकडे दिवसा शांतपणे पाहणं, तिचा शेवट वेगळा असू शकतो ही शक्यता मनात रुजवणं, यानेही काम झालं असावं. बॅरी क्रॅको यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवरील मोठ्या अभ्यासात दाखवलेली पद्धतही अशीच आहे: दुःस्वप्न जागेपणी वेगळं लिहायचं आणि रोज थोडा वेळ मनात त्याची उजळणी करायची. त्यात स्वप्नाच्या आत शिरून हुकूम देण्याची गरजच पडत नाही.

स्वप्नाच्या आत गेल्यावर काय करावं, याबद्दल जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाइ यांचं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. हुकूम चालवण्याच्या हौसेला त्यातून सरळ उत्तर मिळतं. स्वप्नात अंगावर येणाऱ्या शत्रूवर हल्ला केला किंवा त्याला पळवून लावलं, तर तो नव्या रूपात परत येतो, असं त्यांच्या अनुभवात आणि प्रयोगांत दिसलं. पळ न काढता त्याच्याकडे पाहिलं, तू कोण आहेस असं विचारलं, समेटाची भाषा केली, तर ती आकृती बहुधा लहान होते, मवाळ होते, कधी ओळखीच्या माणसाचं रूप घेते. म्हणजे जिथं ताब्याची सगळ्यांत जास्त गरज आहे तिथंही सर्वांत जास्त काम करतं ते थांबून पाहणं. हे स्वप्न आहे, मला इजा होणार नाही, एवढी ओळख पटली की उरलेलं बरंचसं आपोआप घडतं.

उडण्याचा आनंद, मेलेल्या आईला पुन्हा पाहण्याची आस, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्वप्नात चालता येणं, याला मी विरोध करतो आहे का? नाही. असं सुख वाट्याला आलं तर ते घ्यावं, कुणाला त्याचा हिशेब द्यायची गरज नाही. आक्षेप आहे तो या सुखाला ध्येय करण्याला. कारण ध्येय झालं की त्यासाठी रात्र राबवावी लागते. खेळाडूंनी, विद्यार्थ्यांनी स्वप्नात सराव करावा असंही आता सुचवलं जातं. जर्मनीत डॅनिएल एर्लाखर आणि मिखाएल श्रेडल यांनी २०१० मध्ये दाखवलं की स्वप्नात कपात नाणं फेकण्याचा सराव करणाऱ्यांची जागेपणीची नेमबाजी सुधारली. शोध म्हणून हे विलक्षण आहे. पण यातून ‘झोपेचे तास कामाला लावा’ असा निष्कर्ष कुणी काढत असेल, तर तो माणसाच्या शेवटच्या मोकळ्या वेळावर घातलेला घाला आहे. दिवसाचा प्रत्येक तास कामगिरीने मोजला जातो, त्या काळात झोप ही एकच जागा उरली आहे जिथं आपण काही सिद्ध करण्याच्या बंधनातून सुटतो. ती जागाही आपणहून कामाच्या हवाली करणं मला मान्य नाही.

शिवाय ही किंमत शरीरालाही द्यावी लागते. पहाटे उठून पुन्हा झोपणं आठवड्यातून एखाद्या दिवशी ठीक. रोज केलं तर झोपेचे तुकडे होतात. जागेपण न सोडता थेट स्वप्नात शिरण्याची पद्धत वापरणाऱ्यांना कधी कधी शरीर लुळं आणि मन जागं अशी अवस्था गाठते. छातीवर कुणीतरी बसलं आहे, ओरडायचं आहे पण आवाज फुटत नाही, असा तो अनुभव. आपल्याकडे त्याचा दोष भुताला दिला जातो. गॅलँटमिन हे स्मृतिभ्रंशावरचं औषध या कामी येतं, असं लाबर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ जणांवर दाखवलं: औषधाचा अंश नसलेल्या गोळीने १४ टक्के, ४ मिलिग्रॅमने २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमने ४२ टक्के जणांना सजग स्वप्न पडलं. आकडे मोहात पाडणारे आहेत. पण हे मेंदूच्या रसायनांत ढवळाढवळ करणारं औषध आहे, आणि हौसेखातर ते डॉक्टरांना न विचारता घेणं शहाणपणाचं नाही. इस्राएलमधल्या निरित सोफर-डुडेक यांनी आणखी एक सावधगिरी सुचवली आहे. आपोआप सजग स्वप्न पडणं हे मानसिक त्रासाचं लक्षण नाही. पण ते मुद्दाम आणण्याची तंत्रं वापरणाऱ्यांमध्ये दोन महिन्यांच्या अवधीत आपण आणि जग यांत अंतर पडल्यासारखं वाटण्याची लक्षणं वाढलेली दिसली. हा संबंध सगळ्यांना लागू होईलच असं नाही. ज्यांना वास्तवाचं भान सुटण्याचा त्रास आधीपासून आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

ताब्याच्या भाषेचा सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. स्वप्न ही ताब्यात घेण्याची वस्तू आहे असं एकदा मान्य केलं, की प्रश्न उरतो तो कुणाच्या ताब्यात एवढाच. फेब्रुवारी २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्याच्या सुमारास, एका बड्या बिअर कंपनीने लोकांना झोपण्यापूर्वी एक चित्रफीत पाहायला आणि झोपेत एक ध्वनिफीत ऐकायला सांगितलं. हेतू हा की त्यांच्या स्वप्नात डोंगर, धबधबे आणि त्या कंपनीची बिअर यावी. त्यानंतर झोप आणि स्वप्नांच्या सुमारे ४० अभ्यासकांनी स्वप्नातल्या जाहिरातींविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. झोपेत येणारे वास आणि आवाज स्वप्नात उतरवता येतात, हे एर्वे द सें-दनी यांनीच दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिलं होतं. एका प्रदेशात राहताना ते ठरावीक अत्तर हुंगत. मग महिन्यांनी एखाद्या रात्री, आधी न कळवता, नोकराने तेच अत्तर उशीवर शिंपडलं की त्या प्रदेशाची स्वप्नं पडत. तेव्हा तो एका विद्वानाचा स्वतःवरचा प्रयोग होता. आज उशाशी मोबाइल आहे, मनगटावर झोप मोजणारं घड्याळ आहे, आणि त्या दोन्हींच्या मागे कंपन्या आहेत. स्वप्नाला स्वतःचा असा अधिकार आहे, ते कुणाच्याही, आपल्या दिवसाच्या ‘मी’च्यासुद्धा, सोयीसाठी नाही, ही समजूत जपली नाही, तर हा शेवटचा प्रदेशही विकला जाईल.

म्हणून ज्यांना हे शिकायचं आहे त्यांना माझा आग्रह असा. वहीपासून सुरुवात करा आणि बराच काळ वहीवरच थांबा. दिवसातून काही वेळा ‘मी आत्ता जागा आहे का’ हे खरोखर विचारा. या प्रश्नाचा पहिला लाभ दिवसालाच होतो, कारण आपण जागेपणीही बराच वेळ बेसावध असतो. झोप पुरी होत नसेल, तर आधी झोप पुरी करा. आणि एखाद्या पहाटे स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ असं कळलंच, तर पहिल्या क्षणी काही बदलू नका. जे समोर आहे ते पाहा. जो भेटतो त्याला विचारा आणि उत्तर त्याचं त्याला देऊ द्या. फक्त भीती असह्य झाली, तरच हात घाला. स्वप्नात जागं होण्याचं सामर्थ्य माणसाला मिळालं आहे ते आपल्याच मनातला आपल्या इच्छेबाहेरचा भाग डोळसपणे पाहण्यासाठी. तिथंही फक्त आपलीच इच्छा चालवायची असेल, तर त्यासाठी जागं होण्याचं काही कारणच उरत नाही.